'सवलत' नावाच्या ओळीत दडलेला हिशेब: गाडीच्या विम्याचा हप्ता ठरतो कसा

प्रश्न थोडक्यात असा: "मी पुण्यात राहतो. तीन वर्षांपूर्वी ११९७ सीसीची पेट्रोल हॅचबॅक घेतली, किंमत आठ लाखांच्या आसपास. तीन वर्षांत एकही क्लेम नाही, तरी या वेळी रिन्यूअलचा आकडा मागच्या वर्षीपेक्षा जास्त आला. शेजारच्या काकांकडे तीच गाडी, त्याच वर्षी घेतलेली, आणि ते माझ्यापेक्षा कमी भरतात. कंपन्या संख्याशास्त्राने दर ठरवतात म्हणे. मग नीट गाडी चालवणाऱ्याला ही शिक्षा का?"

मी गेली २२ वर्षं मोटार विम्याचे दर ठरवणाऱ्या विभागांत काम करते आहे. हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, लिफ्टमध्ये, बँकेच्या रांगेत, सगळीकडे विचारला गेलाय, आणि दर वेळी उभ्या उभ्या दोन वाक्यांत उत्तर देऊन मी स्वतःवरच नाराज झाले आहे. आज सविस्तर लिहिते.

पॉलिसीचा कागद समोर घ्या. त्यावर आकड्यांच्या बऱ्याच ओळी असतात, पण विमा कंपनीचं स्वतःचं संख्याशास्त्र त्यातल्या एकाच ओळीत असतं आणि त्या ओळीला म्हणतात 'सवलत' किंवा 'डिस्काउंट'. अ‍ॅड-ऑन, म्हणजे वेगळे पैसे देऊन घेतलेली जादा कवचं, सोडली तर बाकीच्या ओळी सरकारने, जुन्या दरपत्रकाने किंवा ठरलेल्या कोष्टकाने भरलेल्या असतात. तुमचे दोन्ही प्रश्न इथूनच सुटतात.

आधी तुमचा आकडा का वाढला ते बघू. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नवी कार घेताना तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा, एकदमच घ्यावा लागतो. १००० ते १५०० सीसीच्या गाडीला, १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दराने, त्याचे १०,६४० रुपये होतात. शोरूममध्ये ऑन-रोड किमतीत ते मिसळून गेले, तुमच्या ध्यानातही आलं नसेल. मधली दोन रिन्यूअल झाली ती फक्त ओन डॅमेजची, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीची. आता थर्ड पार्टीची तीन वर्षं संपली आणि तिचे वर्षाचे ३,४१६ रुपये कागदावर पहिल्यांदाच स्वतंत्रपणे उभे राहिले.

हिशेब मांडूनच दाखवते. मागच्या वर्षी गाडीची विमित किंमत, म्हणजे आयडीव्ही, आठ लाखांतून २० टक्के घसारा जाऊन ६,४०,००० होती. तुमच्या गाडीचा पुण्यातला जुन्या दरपत्रकाचा दर ३.२८३ टक्के, म्हणजे २१,०११ रुपये. कंपनीची सवलत ५० टक्के धरू (हा आकडा मी उदाहरणासाठी घेतलाय): राहिले १०,५०६. दोन वर्षं क्लेम नाही म्हणून २५ टक्के नो क्लेम बोनस, आमच्या बोलीत एनसीबी: राहिले ७,८७९. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ९,२९७. या वर्षी घसारा ३० टक्के, आयडीव्ही ५,६०,०००, दरपत्रकाने १८,३८५, तीच ५० टक्के सवलत देऊन ९,१९२ आणि एनसीबी ३५ टक्के झाल्यामुळे ५,९७५. म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीचा विमा जवळपास १,९०० रुपयांनी उतरला. पण त्यात थर्ड पार्टीचे ३,४१६ जोडले गेले, वर जीएसटी, आणि एकूण झाले ११,०८१. मालकाचं वैयक्तिक अपघात कवच आणि अ‍ॅड-ऑन मी यात धरलेले नाहीत. शिक्षा वगैरे काही झालेली नाही. आधी भरून ठेवलेला खर्च संपला, इतकंच.

आता हे 'जुनं दरपत्रक' काय प्रकरण आहे? ३१ डिसेंबर २००६ पर्यंत आपल्या देशात ओन डॅमेजचे दर टॅरिफ अ‍ॅडव्हायझरी कमिटीने ठरवून दिलेले असत आणि प्रत्येक कंपनीला तेच लावावे लागत. कारसाठी देशाचे फक्त दोन भाग केलेले होते. अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे ही आठ शहरं 'अ' विभागात, उरलेला अख्खा देश 'ब' विभागात. तुमच्यासारख्या, पाच वर्षांच्या आतल्या गाडीला पुण्यात ३.२८३ टक्के आणि साताऱ्यात ३.१९१ टक्के. एवढाच फरक! वाहतूक, चोऱ्या, गॅरेजचे दर, रस्त्यांची अवस्था, सगळं त्या ०.०९ टक्क्यात कोंबलेलं. १ जानेवारी २००७ पासून हे बंधन उठलं आणि कंपन्यांना आपापला दर काढायची मोकळीक मिळाली. तरी कागदाची मांडणी बऱ्याच ठिकाणी तशीच राहिली: वर जुना दर छापायचा आणि खाली त्यातून 'सवलत' वजा करायची. त्यामुळे लोकांना वाटतं कंपनीने किंवा एजंटने मेहेरबानी केली. खरं तर कंपनीने तुमच्या गटासाठी काढलेला दर आधी तयार असतो आणि तो जुळावा म्हणून सवलतीचा टक्का मागून बसवलेला असतो.

तो दर कसा निघतो हे या उत्तराचं मुख्य अंग. पण थर्ड पार्टीबद्दल दोन शब्द आधी, कारण तिथे तुमच्या कंपनीच्या हातात काहीच नसतं. हे दर पूर्वी विमा नियामक ठरवत असे, आता केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय नियामकाशी सल्लामसलत करून ठरवतं. पेट्रोल-डिझेलच्या खासगी कारसाठी तीनच खण: १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६, त्यावर ७,८९७. तुम्ही गडचिरोलीत चालवा की अंधेरीत, दर एकच. आणि या विम्यात मृत्यू किंवा शारीरिक इजेसाठी रकमेला कमाल मर्यादा नाही. तीस वर्षांचा, महिना ४०,००० पगाराची कायम नोकरी असलेला, घरी तीन जण अवलंबून असलेला माणूस अपघातात गेला, तर सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा आणि प्रणय सेठी या निकालांत घालून दिलेल्या पद्धतीने हिशेब असा: पगारात भविष्यातल्या वाढीचे ५० टक्के मिळवून ६०,०००, वर्षाचे ७,२०,०००, त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा करून ४,८०,०००, आणि वयानुसार गुणक १७. म्हणजे ८१,६०,००० रुपये, वर इतर किरकोळ रकमा आणि व्याज. दावा न्यायाधिकरणात जातो, अपील होतं, वर्षं जातात. त्यामुळे या वर्षी घडलेल्या अपघातांचा खरा खर्च किती, हे आम्हाला आज ठाऊक नसतं. मागच्या वर्षांचे दावे दर वर्षाअखेर किती फुगत गेले याचा त्रिकोणी तक्ता मांडून आम्ही पुढचा अंदाज बांधतो. ३,४१६ रुपयांच्या मागे असे ८१ लाख उभे असतात. गाडी जुनी झाली म्हणून थर्ड पार्टी चुकवणाऱ्या माणसाला मी हे गणित हात धरून बसवून सांगते.

आता सवलतीची ओळ.

पायाचा हिशेब शाळेतला आहे. शंभर गाड्यांमागे वर्षाला किती क्लेम येतात आणि एका क्लेमला सरासरी किती पैसे लागतात, या दोन आकड्यांचा गुणाकार. समजा एखाद्या गटात १०,००० गाड्या, वर्षात १,२०० क्लेम, प्रत्येकी सरासरी २५,००० रुपये. एकूण तीन कोटी, म्हणजे गाडीमागे ३,०००. याला आम्ही बर्निंग कॉस्ट म्हणतो. त्यात कमिशन, पगार, सर्व्हेअरची फी, पुनर्विमा (विमा कंपनीने स्वतःसाठी घेतलेला विमा) आणि नफा बसवायचा. हप्त्याच्या रुपयातले ६५ पैसे क्लेमसाठी राहतील असं धरलं, तर हप्ता ३,००० भागिले ०.६५, म्हणजे सुमारे ४,६१५. याच गटाचा जुन्या दरपत्रकाने, एनसीबी वजा करून, सरासरी १२,००० येत असेल तर कागदावर सुमारे ६१.५ टक्क्यांची 'सवलत' दिसेल.

सोपं वाटतं, पण पहिली ठेच 'गाड्या किती' इथेच लागते. महाराष्ट्रात दसरा, दिवाळी, गुढीपाडव्याला गाड्यांची डिलिव्हरी घ्यायला झुंबड उडते. दसऱ्याला, ऑक्टोबरच्या मध्यावर रस्त्यावर आलेली गाडी ३१ डिसेंबरपर्यंत जेमतेम अडीच महिने चालते. तिला पूर्ण एक गाडी म्हणून मोजलं, तर क्लेमचं प्रमाण खोटं खोटं कमी दिसतं. म्हणून आम्ही गाड्या मोजतच नाही, गाडी-वर्षं मोजतो. दसऱ्याची गाडी त्या वर्षात ०.२ गाडी-वर्ष. पॉलिसी मध्येच रद्द झाली, गाडी विकली गेली, तर तेवढेच दिवस धरायचे. नव्याने आलेल्या मुला-मुलींना मी पहिले पंधरा दिवस फक्त हे करायला लावते. पुढचं सगळं मॉडेल याच छेदावर उभं असतं.

दुसरी ठेच माझ्या स्वतःच्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली. मी प्रत्येक मॉडेलचा वेगळा तक्ता केला आणि एका हॅचबॅकचे क्लेम इतरांच्या दीडपट दिसले. तिचा दर वाढवा, अशी शिफारस लिहून मी वरिष्ठ बाईंकडे नेली. त्यांनी कागद बाजूला ठेवून एकच विचारलं, "या गाड्या आहेत कुठे?" शोधलं तर त्यातल्या बहुतेक मुंबईत होत्या. मुंबईत ठोकर-घासणीचं प्रमाण सगळ्याच गाड्यांचं जास्त. मी शहराचा दोष मॉडेलच्या माथी मारत होते. डिझेलचंही तसंच. डिझेल गाड्यांचे क्लेम जास्त येतात, पण डिझेल घेतो कोण? ज्याचं रनिंग जास्त आहे तो. मग दर इंधनामुळे वाढवायचा की फिरण्यामुळे?

हे गुंते सोडवण्यासाठी सगळे घटक एकाच वेळी तोलावे लागतात. त्याचं हत्यार म्हणजे जनरलाइज्ड लिनिअर मॉडेल, आमच्याकडे नुसतं 'जीएलएम'. जॉन नेल्डर आणि रॉबर्ट वेडरबर्न या दोन ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांनी ते १९७२ मध्ये मांडलं. क्लेमची संख्या एका मॉडेलने (पॉइसाँ वितरण, म्हणजे क्वचित घडणाऱ्या घटना मोजण्याचं सूत्र धरून) आणि क्लेमची रक्कम दुसऱ्या मॉडेलने (बहुधा गॅमा वितरण, म्हणजे बऱ्याच छोट्या आणि थोड्या मोठ्या रकमांना बसणारं सूत्र धरून) काढायची, प्रत्येक घटकाचा एक गुणक मिळवायचा आणि गुणाकार करायचा. पायाचा दर, गुणिले गाडीच्या मॉडेलचा गुणक, गुणिले आरटीओचा, गुणिले गाडीच्या वयाचा, इंधनाचा, आणि असंच पुढे. संख्या आणि रक्कम वेगळी का ठेवायची, हे पुणे आणि हायवेवरचं गाव शेजारी ठेवलं की कळतं. पेठांत किंवा हिंजवडीच्या रांगेत बंपर घासतो, आरसा तुटतो, क्लेम वारंवार पण छोटे. हायवेवरच्या तालुक्यात क्लेम कमी, पण झाला तर गाडीचा चेंदामेंदा. नुसती सरासरी बघितली तर दोन्ही जागा एकसारख्या दिसू शकतात, आणि उद्या पार्ट्स महागले की कोणाचा दर किती वाढवायचा ते समजणार नाही.

पार्ट्सचा विषय निघालाच आहे तर सांगते. गेल्या काही वर्षांत गाडीच्या मॉडेलच्या गुणकात सर्वांत जास्त उलथापालथ झाली ती यामुळे. पूर्वी बंपर म्हणजे प्लास्टिकचा एक तुकडा. आता त्याच्या मागे सेन्सर, काचेच्या मागे कॅमेरा, हेडलॅम्प म्हणजे अख्खं एलईडी युनिट. तीच ठोकर, पण बिल कितीतरी मोठं. एकाच मॉडेलच्या खालच्या आणि वरच्या व्हेरिएंटचा दर म्हणूनच वेगळा निघतो.

तिसरी अडचण अपुऱ्या आकड्यांची. एमएच-१२ मध्ये एखाद्या मोठ्या कंपनीकडे हजारो क्लेमची माहिती असते. पण एमएच-०७, सिंधुदुर्ग? समजा तिथे १२० च क्लेम आहेत, आणि त्यावरून खर्च गाडीमागे ४,५०० दिसतोय, राज्याची सरासरी मात्र ३,०००. चार मोठे अपघात योगायोगाने एकाच वर्षी आले असतील, तर सावंतवाडीच्या माणसाने त्याची किंमत का मोजावी? इथे विश्वासार्हतेचा नियम लागतो. क्लेमच्या संख्येतला चढउतार ९० टक्के खात्रीने ५ टक्क्यांच्या आत राहायला १,०८२ क्लेम लागतात. तेवढे असतील तर त्या जागेच्या अनुभवावर पूर्ण भरवसा. कमी असतील तर भाग देऊन वर्गमूळ: १२० भागिले १,०८२, त्याचं वर्गमूळ साधारण एक तृतीयांश, आणि भरवसा तेवढाच. म्हणून दर निघतो एक हिस्सा ४,५०० चा आणि दोन हिस्से ३,००० चे, म्हणजे ३,५००. आमच्या कामातली ही मला सर्वांत प्रिय गोष्ट आहे. थोड्या माहितीवर माणसाला दोषी धरायचं नाही आणि त्या माहितीकडे डोळेझाकही करायची नाही, हे ती आकड्यांत बसवते.

याच चष्म्यातून आता तुमच्या तीन वर्षांच्या स्वच्छ रेकॉर्डकडे बघू. हे ऐकायला कडू लागेल. ज्या गटात शंभर गाड्यांमागे वर्षाला १२ क्लेम येतात, तिथल्या अगदी सरासरी चालकाची तीन वर्षं क्लेमशिवाय जाण्याची शक्यता सुमारे ७० टक्के आहे. त्याच्या दुप्पट धोका असलेल्या चालकाचीही ४९ टक्के. म्हणजे बेफिकीर चालवणारे जवळजवळ निम्मे लोक तीन वर्षांनी तुमच्याच रांगेत उभे असतात, तितकाच स्वच्छ कागद घेऊन. समजा गटातल्या निम्म्या लोकांचा धोका ६ टक्के आणि निम्म्यांचा १८ टक्के आहे. तीन कोरी वर्षं बघून शुद्ध गणित तुमचा अंदाजी धोका १२ वरून ११ च्या जरासा खाली आणतं. साधारण ९ टक्क्यांची घट. कोष्टक मात्र तुम्हाला ३५ टक्के देतं: पहिल्या वर्षानंतर २०, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०.

हा वरचा फरक कुठून आला? एक तर वर्गवारी जितकी ढोबळ, तितकं माणसाच्या स्वतःच्या इतिहासाला वजन जास्त मिळतं, आणि आपल्याकडे कोण चालवतो याची नोंद जवळपास नसतेच. दुसरं म्हणजे एनसीबी हा अंदाजापेक्षा आमिष जास्त आहे. छोटे क्लेम लोकांनी आणूच नयेत म्हणून तो मोठा ठेवलेला आहे. आणि ज्यांना एनसीबी नाही, त्यांच्या हप्त्यातून त्याचा काही भाग भरला जातो. नीट चालवणाऱ्याला शिक्षा होते असं तुम्ही म्हणालात. या एका ओळीत तरी तुम्हाला गणितापेक्षा जास्त मिळतंय.

म्हणून ते जपा. तुमचाच हिशेब पुढे नेते. पुढच्या वर्षी सवलतीनंतरचा ओन डॅमेज हप्ता ८,००० धरा. क्लेम केला नाही तर ४५ टक्के बोनस, केला तर शून्य: फरक ३,६००. त्यानंतरच्या वर्षी ७,००० वर ५० आणि २० मधला फरक २,१००. तिसऱ्या वर्षी ६,००० वर ५० आणि २५ मधला १,५००. झाले ७,२००, जीएसटी धरून साडेआठ हजारांच्या घरात. आता बंपरचं बिल बघा. पार्ट ६,०००, रंग आणि मजुरी ४,०००. प्लास्टिकवर ५० टक्के घसारा, म्हणजे ३,००० तुमचे. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे सक्तीचे १,००० तुमचे. रंगाच्या साहित्यावरही घसारा कापला जातो. हातात सहा हजारांच्या आत येतील आणि साडेआठ जातील. गॅरेजवाला "साहेब, कॅशलेस आहे, करून टाकू" म्हणेल. त्याला नकार द्या. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कवच, घेतलेलं असेल तर प्लास्टिकचा घसारा वाचतो, एनसीबी मात्र तरीही जातो. बोनस वाचवण्याचं वेगळं अ‍ॅड-ऑन असेल, तर वर्षाला किती क्लेमपर्यंत ते चालतं हे आधी वाचा.

वरच्या सगळ्या गणिताचं एक गृहीतक आहे: माझी गाडी ठोकली म्हणून तुमची ठोकत नाही. पाऊस हे गृहीतक उद्ध्वस्त करतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तळमजल्यांतल्या, रस्त्यांवरच्या गाड्या एकाच रात्री पाण्याखाली गेल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ मध्ये चिपळूण. अशा वर्षाचे आकडे जसेच्या तसे मॉडेलमध्ये घातले तर चिपळूणचा दर पुढची काही वर्षं अवाच्या सवा निघेल, आणि वगळले तर तो खर्च कुठूनच येणार नाही. म्हणून पुराचे क्लेम वेगळे काढतात, अनेक वर्षांवर आणि मोठ्या प्रदेशावर पसरवतात आणि त्यांचा मोठा भाग पुनर्विम्याकडे सोपवतात. जाता जाता एक काकुळतीने सांगते: पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करू नका. पाणी आत ओढलं जाऊन इंजिन जातं, आणि इंजिन प्रोटेक्शनचं जादा कवच नसेल तर ते नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही म्हणून क्लेम अडतो.

आता काकांकडे वळू. तीच गाडी, तेच वर्ष, तरी कमी का? मी पैज लावून सांगेन की आधी आयडीव्हीत फरक निघेल. त्यांच्या एजंटने ५,६०,००० च्या जागी ४,८०,००० टाकली असेल, तर हप्ता त्याच प्रमाणात सातव्या हिश्श्याने उतरतो, आणि गाडी चोरीला गेली की ८०,००० रुपये कमी मिळतात. ही स्वस्ताई नव्हे, कमी माल कमी भावात घेणं आहे. आयडीव्ही सारखी निघाली तर अ‍ॅड-ऑन बघा, स्वतःहून घेतलेली जादा वजावट (क्लेममधली आपण स्वतः भरायची रक्कम) बघा, एनसीबीचा टक्का बघा. हे सगळं जुळलं आणि तरी फरक उरला, तर मात्र तो दोन कंपन्यांच्या संख्याशास्त्रातला फरक आहे. काकांच्या कंपनीकडे या मॉडेलच्या पुण्यातल्या गाड्या भरपूर असतील आणि त्यांचा अनुभव चांगला असेल, किंवा तिला या गटात धंदा वाढवायचा असेल. ५० ऐवजी ६५ टक्के सवलत मिळाली तर तुमचे ५,९७५ थेट ४,१८३ होतात.

यात तुमच्या हाताला आणि पायाला, म्हणजे स्टिअरिंग आणि ब्रेकला, कुठेच जागा नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. मला यातलं हेच सर्वांत खटकतं. आपल्याकडे पॉलिसी गाडीची असते, चालवणाऱ्याची नाही. ब्रिटन-अमेरिकेत राहणाऱ्या तुमच्या भाच्याला विचारा, त्याचं वय, लायसन्स किती वर्षांचं, दंड किती झाले, सगळं हप्त्यात धरलं जातं. तिथे वाद वेगळे आहेत. युरोपीय न्यायालयाच्या निकालानंतर २१ डिसेंबर २०१२ पासून युरोपीय संघात पुरुष आणि स्त्रियांना वेगळा दर लावता येत नाही, तरुण मुलींचे अपघात आकडेवारीत कमी दिसत असले तरी. कॅलिफोर्नियात १९८८ च्या जनमताने चालकाचं रेकॉर्ड, वर्षाचे मैल आणि अनुभवाची वर्षं यांना पहिलं स्थान दिलं. आकडा खरा असणं एक आणि तो वापरणं न्याय्य असणं दुसरं, हे त्या समाजांनी भांडून ठरवलं. आपण ते भांडण अजून सुरूही केलेलं नाही.

आपल्याकडे दार थोडं उघडलं ते जुलै २०२२ मध्ये. नियामकाने ओन डॅमेजमध्ये किती चालवता आणि कसं चालवता यावर आधारित अ‍ॅड-ऑनना परवानगी दिली. किलोमीटरवर हप्ता या कल्पनेच्या मी पूर्ण बाजूने आहे. गाडी-वर्षापेक्षा किलोमीटर हा धोक्याचा कितीतरी खरा मापदंड आहे, आणि आठवड्यातून एकदा मंडईला गाडी काढणाऱ्या आजोबांनी रोज पुणे-मुंबई करणाऱ्याचा खर्च का उचलावा? 'कसं चालवता' याबद्दल मात्र मी सावध आहे. करकचून ब्रेक, भन्नाट वेग, इथवर ठीक. पण रात्री चालवणं हाही धोक्याचा घटक निघतो, आणि रात्रपाळीला ससूनला जाणाऱ्या नर्सला तिच्या ड्युटीचा दंड बसतो. आकडे तसं म्हणतात म्हणून तो गुणक लावावा, असं मला वाटत नाही, आणि हे मी बैठकांमध्येही सांगितलं आहे.

तुमचं वर्षाचं रनिंग कमी असेल, तर या वेळी किलोमीटरवाला पर्याय जरूर विचारा. बाकी काम अर्ध्या तासाचं आहे. आयडीव्ही ५,६०,००० च ठेवा, अ‍ॅड-ऑन तेच ठेवा, तीन-चार कंपन्यांचे आकडे मागवा आणि फक्त ओन डॅमेजची निव्वळ रक्कम शेजारी शेजारी मांडा, कारण थर्ड पार्टी सगळीकडे ३,४१६ च असणार. जिथे कमी निघेल तो कागद आताच्या कंपनीला दाखवा. सवलतीचा टक्का हलू शकतो, एनसीबीचा नाही. कंपनी बदलली तरी एनसीबी तुमच्याबरोबर येतो, फक्त क्लेम झालेला असेल तर लपवू नका. नवी कंपनी जुनीकडून खातरजमा करते, आणि खोटं निघालं तर नेमकं गरजेच्या वेळी क्लेम अडतो. आणि तारीख उलटू देऊ नका: एका दिवसाचा खंड पडला तरी गाडीची तपासणी लागू शकते, आणि ९० दिवस उलटले की ३५ टक्के गेले, पुन्हा शून्यापासून.